घड्याळ मागावे की घड्याळजी

म्हैसुरास जाणारा मराठी प्रवासी जगन्मोहन राजवाड्यात शिरतो तो बहुधा एका चित्रासाठी. सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी जलरंगात रंगविलेली, हाताच्या आडोशाने दिव्याची ज्योत जपीत उभी असलेली ती स्त्री पाहून डोळे निवले, की राजा रविवर्म्यासाठी थोडा वेळ राखून बाकीची दालने तो भराभर उरकतो, आणि त्या घाईत एका फ्रेंच घड्याळावरून त्याची नजर नुसती घसरून जाते. सेकंदांना ढोल, मिनिटांना बिगूल आणि तास भरला म्हणजे चिमुकल्या शिपायांचे संचलन, अशी या घड्याळाची ख्याती. मुम्मडी कृष्णराज वडेयर यांनी 1861 साली बांधविलेला हा वाडा, 1897 च्या आगीत जुना लाकडी राजवाडा भस्मसात झाल्यावर, नवा राजवाडा उभा राहीतोवर राजघराण्याचे निवासस्थान होता. नाल्वडी कृष्णराजांना राज्याधिकार मिळाल्याचा 1902 चा दरबारही, लॉर्ड कर्झनच्या उपस्थितीत, येथेच भरला. पुढे 1915 पासून त्याचे संग्रहालय झाले आणि दरबारच्या तोशाखान्यातील कितीतरी चिजा सर्वसामान्यांच्या दृष्टीस पडू लागल्या. त्यांतलीच ही एक.

वेळ कळावी एवढ्याच हेतूने असली वस्तू कोणी घेत नाही, हे उघड आहे. अहोरात्राच्या 60 घटिका मोजण्यास पाण्यावर तरंगणारे, बुडाशी बारीक छिद्र असलेले एक ताम्रपात्र आपल्या पूर्वजांना पुरत असे. ते 24 मिनिटांनी बुडाले म्हणजे पहारेकरी तासावर टोला देई, आणि लग्नाच्या मुहूर्तापासून किल्ल्याच्या दरवाज्यांपर्यंत सारे व्यवहार त्या टोल्यावर चालत. चिनी लोकांनीही दिवसाचे 12 भाग पाडून आपली जलयंत्रे शतकानुशतके चालविली होती. शिपाई नाचविणारे, पाखरे गावविणारे, सोन्याचा मुलामा दिलेले यंत्र राजे लोक मागतात ते काळाच्या मोजमापासाठी नव्हे. ते मागतात विस्मयासाठी, आणि त्याहीपेक्षा आपल्याला विस्मित करण्यासाठी दूरदेशीच्या लोकांना किती खटपट करावी लागली हे दरबारातील मानकऱ्यांना दिसावे यासाठी. ज्या दरबाराने ही हौस पराकोटीस नेली तो म्हणजे पेकिंगचा. त्याची हकीकत सांगू लागले की वाटेत गोवा लागते आणि श्रीरंगपट्टणही लागते, म्हणून म्हैसूरच्या त्या शिपायांपाशी थोडे रेंगाळण्यात मला गैर वाटत नाही.

प्रथम यंत्राविषयी. बाहेरून एकच दिसणाऱ्या अशा घड्याळाच्या पोटात वस्तुतः तीनचार स्वतंत्र यंत्रे असतात, आणि प्रत्येकाची कमान निराळी, चावी निराळी. पहिले यंत्र काटे फिरविते. दुसरे टोले देते. तिसरे संगीताचे, ज्यात पितळी नळकांड्यावर शेकडो बारीक खिळे बसविलेले असून नळकांडे फिरू लागले की ते खिळे क्रमाक्रमाने लहान हातोड्या उचलून सुरांत लावलेल्या घंटांवर सोडतात. आणि चौथे बाहुल्यांचे, ज्यात कडा कमीजास्त कोरलेल्या चकत्या फिरतात व त्या कडांवर टेकलेल्या दांड्या वरखाली होऊन कोणाचा हात, कोणाची मान, कोणाची चोच हलवितात. या चौघांत खरोखर जागे असते ते पहिलेच. बाकीची तिघे आपापली कमान आवळून, अडसर घातलेल्या दारामागे थांबलेली असतात, आणि तास भरताच पहिल्याच्या चाकावरील एक खुंटी तो अडसर उचलते. मूळ अडचण कमानीची असते. पुरती आवळलेली कमान जोरात ओढते, सैलावत गेलेली मंद ओढते, आणि त्यामुळे घड्याळ आरंभी पुढे व शेवटी मागे पडू लागते. तिच्यावर जुन्या कारागिरांनी काढलेला तोडगा असा, की कमानीची साखळी भोवऱ्यासारख्या निमुळत्या दांड्यावर गुंडाळावी, म्हणजे जोर अधिक असेल तेव्हा ती निमुळत्या टोकाला ओढील व जोर ओसरेल तेव्हा रुंद बुडाला. चिनी दरबारासाठी घडविलेल्या घड्याळांत धबधबे वाहताना दिसतात तेही पाणी नव्हे. पीळ दिलेल्या काचेच्या कांड्या स्वतःभोवती फिरतात आणि प्रकाश त्यांच्या पिळांवरून खाली ओघळल्याचा भास होतो. एवढे समजल्यावर गंमत कमी होते असे म्हणणारे लोक आहेत. माझी तरी वाढली.

चीनच्या राज्यकर्त्यांना युरोपीय घड्याळाचा पहिला परिचय झाला तो गोव्याहून. जेझुइट पाद्री मातेओ रिच्ची हा 1578 पासून 1582 पर्यंत हिंदुस्थानात होता, आणि मकावला जाण्यास निघाला तेव्हा गोव्याच्या वरिष्ठ पाद्र्याने त्याच्यापाशी एक सुंदर घड्याळ सोपविले, जे त्याच वर्षी क्वांगतुंग प्रांताचा सुभेदार छेन रुई याला नजर करण्यात आले. नजराणा लागू पडला. पुढच्या वर्षी झाओछिंग येथे पाद्र्यांना वस्तीची परवानगी मिळाली, आणि तेथील अंमलदार वांग पान याने आपल्यालाही तसेच घड्याळ हवे असल्याचे सुचविले. रिच्चीचा सहकारी रुज्जेरी ते आणण्यास मकावला गेला. परंतु मकावच्या व्यापाऱ्यांची गलबते त्या साली वेळेवर न आल्याने सगळीकडेच पैशाची ओढाताण होती आणि घड्याळ विकत घेण्याची ऐपत कोणाची नव्हती. तेव्हा त्याने घड्याळाऐवजी घड्याळजीच पाठवून दिला. हा कारागीर सावळ्या वर्णाचा होता आणि कानारीन होता, असे रिच्चीने लिहून ठेवले आहे. कानारीन हे नाव पोर्तुगीज लोक त्या काळी गोव्याच्या स्थानिक रहिवाशांना देत. वांग पानने त्याच्या हाताखाली दोन चिनी कारागीर दिले, आणि घड्याळ झाओछिंगमध्येच तयार झाले.

चिनी भूमीवर घडलेल्या अगदी पहिल्या युरोपीय पद्धतीच्या घड्याळांतील एक गोमंतकाच्या माणसाच्या हातचे असावे, आणि त्या माणसाचे नाव मात्र कोठे उरू नये, याची खंत वाटते; सुभेदारांची नावे बखरकारांना नेहमीच सापडतात. घड्याळाचे पुढे काय झाले हेही रिच्ची सांगतो: वांग पानच्या घरी ते कोणाला चालविता येईना, म्हणून काही काळाने त्याने ते पाद्र्यांकडे परत पाठविले. वस्तू आली आणि विद्या आली नाही, तर वस्तू फार दिवस टिकत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

1601 च्या जानेवारीत रिच्ची पेकिंगात पोहोचला तेव्हा त्याच्या नजराण्यात दोन घड्याळे होती: एक मोठे, वजनावर चालणारे, आणि दुसरे लहान, कमानीचे. वानली बादशहाने रिच्चीला कधीच समोर बोलाविले नाही, परंतु घड्याळ बंद पडताच पाद्र्यांची आठवण झाली, आणि दरबारच्या चार खोजांना त्यांच्याकडे ही विद्या शिकण्यासाठी तैनात करण्यात आले. येथून पुढे दोनशे वर्षे पाद्र्यांचे पेकिंगातील स्थान बऱ्याच अंशी या चावीवर टिकून राहिले, असे म्हणण्यास हरकत नाही. धर्मप्रसारासाठी घरदार सोडून आलेल्या विद्वान माणसांना उभी हयात खेळणी दुरुस्त करण्यात घालवावी लागली. तिबो नावाच्या एका बंधूने छिएनलुंग बादशहासाठी शंभर पावले चालणारा यांत्रिक सिंह बनविला, ज्याच्या सगळ्या कमानी त्याच्या छातीत दडविलेल्या होत्या. हे 1754 च्या सुमाराचे वर्तमान आमिओ नावाच्या पाद्र्याने आपल्या पत्रात कळविले आहे. सिंह चालला म्हटल्यावर बादशहाला चालणारा माणूस हवासा झाला, आणि पत्रातला सूर असा आहे की तोही चालला तर त्याने बोलावे अशी फर्माईश येणार हे सर्वांनी मनोमन ओळखले होते.

या हौशीची बातमी लंडनास पोहोचली नसती तरच नवल. युरोपला चीनचा चहा आणि रेशीम हवे होते, आणि चीनला युरोपचे, चांदीखेरीज, काही म्हणजे काहीच नको होते. अपवाद फक्त या गाणाऱ्या, नाचणाऱ्या घड्याळांचा, ज्यांना कँटनच्या बंदरात सिंग-साँग असे चमत्कारिक नाव पडले होते. जेम्स कॉक्स हा लंडनचा जवाहिऱ्या या व्यापाराचा धुरीण. 1766 साली ईस्ट इंडिया कंपनीने चिनी बादशहास देण्यासाठी त्याच्याकडून रत्नजडित रथांच्या आकाराच्या वस्तूंची जोडी घडवून घेतली. मागणी पुढे घटली तेव्हा त्याने लंडनमध्ये तिकीट लावून आपल्या यंत्रांचे प्रदर्शन मांडले आणि 1775 साली सगळा माल सोडतीने काढून टाकला; त्याच्या कारखान्याशी निगडित असलेला यांत्रिक मोर आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे आणि चांदीचा हंस इंग्लंडातील बोझ संग्रहालयात. टिमथी विल्यमसन नावाच्या दुसऱ्या लंडनकराने बनविलेल्या घड्याळात तर एक बाहुली हातात कुंचला धरून आठ चिनी अक्षरे लिहिते, आणि त्यांचा आशय असा की अष्टदिशांचे लोक संस्कारासाठी येत आहेत व नऊ देशांचे लोक सम्राटास वंदन करण्यास येत आहेत. म्हणजे खुशामतही यंत्रानेच करावयाची. तिच्यात निदान मत्सराची शक्यता नव्हती.

हे सर्व फुकट पडत नव्हते, फक्त भुर्दंड कोणाला बसतो ते दिसत नव्हते. कँटनचा जकातीचा मुख्य अंमलदार बादशहाकडे दरसाल नजराणे रवाना करी, आणि त्यासाठी लागणारी घड्याळे परदेशी व्यापाराचा मक्ता असलेल्या चिनी सावकारांनी विकत घेऊन त्याला नाममात्र किमतीत द्यावीत असा शिरस्ता पडून गेला होता. त्या पेढ्यांपैकी अनेक कर्जात बुडाल्या. बुडण्याचे हेच एक कारण नव्हते, पण हेही एक होते. आणि चांदीची जी तूट असली खेळणी भरून काढू शकली नाहीत ती कंपनीच्या अंमलात आधी मुंबईच्या कापसाने व पुढे बंगालच्या आणि माळव्याच्या अफूने भरून काढली, तो इतिहास मुंबईच्या पेढ्यांना चांगला परिचित आहे.

लॉर्ड मॅकार्टनी हा तिसऱ्या जॉर्जचा वकील म्हणून 1793 साली छिएनलुंगच्या भेटीस गेला, त्याचा उल्लेख घड्याळांच्या प्रत्येक इतिहासात येतो. त्याच्या म्हैसूरशी असलेल्या संबंधाचा क्वचितच येतो. हा गृहस्थ 1781 ते 1785 या काळात मद्रासचा गव्हर्नर होता, आणि टिपू सुलतानाशी कंपनीचा जो मंगळूरचा तह 1784 च्या मार्चमध्ये झाला तो त्यानेच पाठविलेल्या वकिलांनी केलेला. हिंदुस्थानातील दरबारांचे मन कशाने वळते याचा त्याला पुरता अनुभव होता. चीनला जाताना त्याने घड्याळांबरोबर हान नावाच्या जर्मन पाद्र्याच्या कल्पनेतून साकारलेले, ग्रहांची गती दाखविणारे एक भव्य यंत्र नेले होते. परंतु जेहोळच्या उन्हाळी वाड्यांतून त्याला हिंडविण्यात आले तेव्हा एकामागून एक मंडपांत युरोपीय घड्याळे, गोल, ग्रहयंत्रे आणि गाणारी खेळणी इतकी आणि इतकी उंची दिसली, की आपले नजराणे त्यांच्यापुढे फिके पडतील हे त्याने रोजनिशीत प्रांजळपणे नमूद केले. बादशहाने जॉर्ज राजाला पाठविलेल्या फर्मानात अशा कौशल्याच्या वस्तूंची आपणास गरज नसल्याचे कळविले, त्यात उद्दामपणा होताच; पण घर भरलेल्या माणसाचे ते साधे सत्यही होते.

आता त्याच सुमाराचे श्रीरंगपट्टण पाहा. म्हैसुराहून हे बेट चारपाच कोसांवर आहे. आपल्याकडे टिपूचे नाव निघते ते 1791-92 च्या स्वारीच्या संदर्भात, हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा कॉर्नवॉलिसच्या फौजेबरोबर कावेरीकाठी उतरल्या होत्या म्हणून. टिपूच्या दफ्तरातील कागद आपण फारसे वाचत नाही. 1785 साली त्याने इस्तंबूलला जाणाऱ्या वकिलांना जो हुकूमनामा दिला, त्यात बंदुका ओतणारे, काच बनविणारे, चिनी मातीची भांडी घडविणारे आणि घड्याळे करणारे कारागीर मिळवून आणावेत अशी आज्ञा होती. त्या वकिलातीची वाताहत झाली. शेकडो माणसे रोगराईने वाटेतच मेली. तरी त्याने दुसरी वकिलात फ्रान्सला धाडली, आणि महंमद दरवेश खान, अकबर अली खान व महंमद उस्मान खान या तिघांनी 10 ऑगस्ट 1788 रोजी व्हर्साय येथे सोळाव्या लुईची भेट घेतली. राजकीय मागणी फौजेच्या मदतीची होती आणि ती फेटाळली गेली. दुसरी मागणी हुन्नरी माणसांची होती, आणि काही फ्रेंच कारागीर वकिलांबरोबर खरोखरच श्रीरंगपट्टणास आले. टिपूच्या ज्या कारखान्यांना तारामंडल म्हणत, त्यांत बंदुकांच्या जोडीने चाकू, कातऱ्या, कागद आणि घड्याळेही होत असल्याचे उल्लेख सापडतात.

टिपूचा पुळका घेण्याचे मला कारण नाही. त्याच्या राज्यकारभाराविषयी कूर्ग, मलबार आणि कृष्णेच्या दक्षिणेकडील मराठी मुलूख यांची स्मृती निराळी आहे, आणि ती निराधार नाही. परंतु या एका बाबतीत त्याची नजर छिएनलुंगपेक्षा लांबची होती असे मला वाटते. पेकिंगच्या बादशहापाशी कारागीर नव्हते असे नाही. राजवाड्यात घड्याळांचा स्वतंत्र कारखाना होता, पाद्र्यांच्या हाताखाली चिनी कारागीर तयार झाले होते, आणि कँटन व सूचौ येथे तर बाजारासाठीही घड्याळे बनत. पण राजवाड्यातली विद्या राजवाड्याच्या भिंतीबाहेर पडावी अशी इच्छा सरकारची नव्हती, आणि तिचा उपयोग करमणुकीपलीकडे असेल अशी शंकाही नव्हती. घड्याळाचे दाते कापणारा हात बंदुकीचा चाप कापू शकतो, हे टिपूला चोख कळले होते. ज्या माणसाने आपल्या राज्यात नवा मौलूदी शक सुरू केला, महिन्यांची नावे बदलली, वजनेमापे बदलली, त्याने काळ मोजणाऱ्या यंत्राकडेही सरकारी बाब म्हणूनच पाहावे, हे त्याच्या स्वभावास धरूनच होते.

आणि तरीही त्याच्या तोशाखान्यातील जी यांत्रिक वस्तू जगप्रसिद्ध झाली ती घड्याळ नव्हते. लाकडी वाघाने एका युरोपीय शिपायाला खाली पाडून त्याच्या गळ्याशी जबडा लावला आहे. लांबी 178 सेंटिमीटर. बाजूची मूठ फिरविली की आतले भाते चालू लागतात, एक नळी माणसाच्या कण्हण्याचा आवाज काढते, दुसरी वाघाच्या गुरगुरण्याचा, आणि त्या माणसाचा डावा हात असहायपणे वरखाली होतो. वाघाच्या कुशीतील झडप उघडली तर आत 18 पट्ट्यांचा छोटा ऑर्गन आहे. यात कमान नाही, स्वयंगती नाही, घड्याळजीला लागणारी सूक्ष्मता नाही. मूठ फिरविणारा थकला की वाघही थकतो. बाह्यरूप पूर्णपणे म्हैसुरी आहे, आतले यंत्र कोणा फ्रेंच माणसाच्या सल्ल्याने झाले असावे असा तर्क आहे. 1792 च्या अखेरीस सर हेक्टर मन्रो याचा मुलगा बंगालच्या सागरबेटावर वाघाच्या तोंडी गेला, त्या बातमीवरून ही कल्पना सुचली असे पुष्कळजण मानतात, पण वाघ हे टिपूचे राजचिन्ह त्याआधीपासूनच होते. पेकिंगच्या बाहुलीने सम्राटाला आठ अक्षरांत वंदन केले. श्रीरंगपट्टणच्या वाघाला लिहिता येत नव्हते, तरी त्याचा मजकूर कंपनीच्या वकिलांना समजण्यास अडचण पडली नसती.

4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टणचा किल्ला कंपनीच्या हाती पडला. सिंहासनाचे तुकडे करून वाटणी झाली, सोन्याचे व्याघ्रमुख आणि रत्नजडित हुमा पक्षी यथाकाल विंडसरला गेले, आणि लाकडी वाघ लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या कचेरीत, 1808 पासून, जनतेस पाहण्यासाठी ठेवला गेला. जो येई तो मूठ फिरवी. शेजारच्या ग्रंथालयात हिंदुस्थानी हस्तलिखिते वाचीत बसलेल्या पंडितांना त्या गुरगुरण्याचा इतका उपद्रव झाला की त्याच्या तक्रारी छापून आल्या. आज तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, आणि त्याची मूठ कोणाच्या हाती लागत नाही. पेकिंगच्या ऐश्वर्यालाही हाच भोग आला: 1860 साली इंग्रज-फ्रेंच फौजांनी युआनमिंगयुआन हा उद्यानवाडा लुटून जाळला, तेव्हा घड्याळांची पाळेमुळे खणून काढल्यासारखी लूट झाली. तरी शहरातील मुख्य राजवाड्यात हजाराहून अधिक घड्याळे शिल्लक राहिली, आणि ती दुरुस्त करणाऱ्या कारागिरांची गुरुशिष्यपरंपरा बादशाही गेल्यानंतरही खंडित झाली नाही. बाहुली आजही आठ अक्षरे लिहिते ती त्यांच्या कृपेने.

म्हैसूरच्या वडेयरांच्या काळी घड्याळाने दरबार सोडला आणि ते चव्हाट्यावर आले. 1886 साली लॉर्ड डफरिनच्या भेटीप्रीत्यर्थ देवराज बाजारापाशी उभा राहिलेला मनोरा लोक चिक्क गडियार म्हणून ओळखतात, आणि नाल्वडी कृष्णराजांच्या राज्यकारभाराचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हाचा, 1927 चा, 75 फुटी मनोरा दोड्ड गडियार म्हणून. या मोठ्या घड्याळाच्या तबकडीवर आकडे कन्नड आहेत. शहाळीवाल्यापासून टांगेवाल्यापर्यंत ज्याला त्याला फुकट वेळ सांगणाऱ्या या घड्याळाला बाहुल्या नाहीत, आणि त्यांची उणीव कोणाला भासल्याचे ऐकिवात नाही.

घड्याळजी मागण्याची गोष्ट मात्र त्यानंतरही राहिलीच होती. ती पुरी झाली 1961 साली, बंगळूर हे म्हैसूर राज्याचे राजधानीचे शहर असताना, जेव्हा हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून तेथे मनगटी घड्याळे बनविण्यास आरंभ केला. तयार माल आणण्यापेक्षा माल करण्याची रीत आणावी, हाच त्या कराराचा गाभा होता, आणि ती रीत फौजेसाठी किंवा राजवाड्यासाठी नव्हे तर पगारदार माणसासाठी होती. पुढची पंचवीसतीस वर्षे महाराष्ट्रात लग्नाच्या याद्या झाल्या तेव्हा जावयाच्या घड्याळापुढे एचएमटी हीच अक्षरे लिहिली गेली; त्या कंपनीच्या ज्या चावीच्या घड्याळाला जनता असे नाव होते, ते चोवीस तासांनी एकदा चावी मागत असे आणि त्याखेरीज काही मागत नसे. स्वस्त सेलवरच्या घड्याळांपुढे एचएमटीच्या या घड्याळांच्या कारखान्याचा टिकाव लागला नाही, आणि 2016 साली सरकारने तो बंद केला.